परकराखाली वाचलेली अक्कल

मी खवणी. हसू नका. पायडलवर फिरणारी खवणी मनिलाजवळच्या अख्ख्या लगुना प्रांतात दुसरी नव्हती, म्हणून माझं नाक जरा वरच असतं.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या देल्फिनच्या ओसरीवर माझा जन्म झाला. नारळ खवून खवून बायकोचा, पुरिंगचा, खांदा धरला, तेव्हा त्यानं मोडक्या मशीनच्या पायडलवर मला बसवलं. पात्यामागे एक स्प्रिंग घातली. करवंटी लागली की पातं मागे सरतं, खवलेल्या खोबऱ्याच्या चवात काळं येत नाही. ती स्प्रिंग म्हणजे माझी सगळी अक्कल.

सोमवारी मनिलाला जाऊन तो माझ्या पेटंटची नोंदणी करणार होता. पण त्याआधीच गावानं त्याला शाळेत भाषणाला बोलावलं. मलाही नेलं, चादरीत गुंडाळून.

"कल्पना म्हणजे झुंजीचा कोंबडा!" देल्फिन गरजला. "डोकं चालवा, नवं घडवा, पण नोंदणीआधी कुणाला पीससुद्धा दाखवू नका!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात हार्डवेअरवाल्या रुफोच्या. दुसऱ्याची वस्तू एकदा पाहिली की आठवड्यात तश्शी दुकानात मांडणारा हा गडी.

भाषण लांबलं. पालितावच्या तांदळाच्या वड्या उकडून तयार, पण नारळ तसाच. "चवाशिवाय काय वाढू?" आचारीण रडकुंडीला आली. सभेला आलेला पाहुणा उपाशी परतला तर आमच्या गावाला तोंड दाखवायला जागा नाही. आणि माझा शहाणा धनी म्हणतो कसा, "थांबा, आत्ता खवून देतो!" ओढली की मेल्यानं चादर!

रुफो वाकला. तेवढ्यात पुरिंग ताडताड आली, स्टुलावर बसली आणि घेरदार परकर माझ्यावर पसरून पायडल मारू लागली. पात्याचं टोक तेवढं बाहेर. खर्रर्र! चवाचा ढीग पडला.

रुफो गुडघ्यांवर आला. "वहिनी, परकर जरा आवरा की."

"का रे? भर सभेत लोकाच्या बायकोच्या परकराखाली काय शोधतोस? तुझी बायको मागच्याच रांगेत आहे. बोलावू?"

सभा अशी हसली की पाद्रीबाबांच्या कपातली कॉफी सांडली. रुफोनं मान खाली घालून पालिताव खाल्लं. लाजला तरी दुसरी बशी सोडली नाही.

सोमवारी नोंदणीचा अर्ज पोचला. आता देल्फिन गावोगाव भाषणं ठोकतो. कोंबडा तोच, परकराचा उल्लेख नाही. पुरिंग मात्र दर वेळी बरोबर जाते, तोच परकर नेसून.

माझं पातं झिजलंय, पायडल कुरकुरतं. जाता जाता एवढंच सांगते, पोरांनो: डोकं चालवा, नोंदणी वेळेवर करा आणि स्वतःवर नजर ठेवा. चादर ओढायला चोर लागत नाही. घरचा शहाणा पुरतो.