टेबल तिरकं केल्यानंतर

ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटला टेबलावर नीट निजवायचं काम ताई तेवीस वर्षं करत होत्या. झोपेत आपण कूस बदलतो, पण भूल दिलेल्या माणसाला ते जमत नाही. डोक्याचं ऑपरेशन आठ-नऊ तास चालतं. तेवढा वेळ हाड टेकेल तिथे उशी हवी, नस कुठे दाबली जाता कामा नये. सलग दोन दिवस लांबलचक ऑपरेशनं झाली की ताईंची कंबर धरायची, आणि त्या आठवड्यात ती सोमवारपासूनच धरली होती.

गुरुवारी टेबलावर बसड्रायव्हर होता. वय अठ्ठेचाळीस, उजव्या कानामागे खोलवर गाठ.

"ताई, माझ्या गाडीत झोपलेल्याला मी शेवटच्या थांब्यावर हलवून उठवतो," भूल द्यायच्या आधी तो म्हणाला. "तुम्हीही उठवाल ना?"

"उठवेन की. शिवाय तिकीटही तपासेन."

तो हसला आणि हसता हसताच झोपी गेला.

उजवी बाजू वर हवी, म्हणून त्याला डाव्या कुशीवर वळवलं. काखेपाशी कापडाची गुंडाळी, दोन पायांमध्ये उशी, आणि डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जाड मऊ गादी. तिथे पायाची नस हाडावरून जाते, वर नुसती कातडी. ताईंनी स्वतः हात घालून पाहिलं. मग पट्टे बांधले, डोकं पकडीत बसवलं आणि सगळं हिरव्या कापडाखाली गेलं.

पाचव्या तासाला सर्जन म्हणाले, "टेबल माझ्याकडे तिरकं करा. अजून. बस."

पट्ट्यांमधून शरीर दोन बोटं सरकलं. ताईंना ते जाणवलं.

"सर, खालून एकदा बघून घेते. पाय हलला असेल."

"आत्ता नको. रक्त येतंय. कुणीही टेबलाला हात लावू नका."

वीस मिनिटांनी रक्त थांबलं. ताई तोवर स्टुलावर टेकल्या होत्या. उठते, म्हणाल्या मनाशी. पाचच मिनिटं. मग कुणीतरी औषधाची बाटली मागितली, कुणीतरी दिवा हलवायला सांगितला, आणि साडेतीन तास तसेच निघून गेले.

गाठ पूर्ण निघाली. ड्रायव्हरला जाग आली, डोळे मिटता आले, पाणी गिळता आलं. सर्जननी पहिल्यांदाच मान मोकळी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नर्सने सांगितलं, की त्याचं डावं पाऊल वर उचललं जात नाही. डोक्यात रक्त साठलं की काय म्हणून घाईघाईने स्कॅन केला. स्कॅन स्वच्छ होता. हात ठीक, मांडी ठीक, फक्त पाऊल लुळं, वरची कातडी बधिर. गुडघ्याच्या बाहेर, जरा खाली, लालसर वळ होता.

"हे डोक्यातलं नाही," सर्जन व्हरांड्यात येऊन म्हणाले. "नस दाबली गेली आहे."

ताई भिंतीला टेकल्या. "गादी मागे सरकली होती, सर. काल पेशंटला उचलताना मी पाहिलं. कुणाला बोलले नाही."

"तुम्ही विचारलं होतंत. नको म्हणालो ते मीच."

"वीस मिनिटांनी पुन्हा विचारायला हवं होतं."

"मलाही आठवायला हवं होतं." सर्जननी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचाही चेहरा पार उतरला होता. "चला. दोघं मिळून सांगू. आणि कागदावरही घालू, जसं झालं तसं."

ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं. "डावा म्हणजे क्लचचा पाय," एवढंच म्हणाला.

"दाबायची ताकद आहे," सर्जन म्हणाले. "पण उचलून पेडलवर नेताना चवडा अडकेल. नस फक्त दाबली गेली असेल, तर हळूहळू सुधारते. महिने लागतील. पूर्ण सुधारेल असं वचन मी देऊ शकत नाही."

त्याची बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. "डोकं उघडून गाठ काढलीत," ती म्हणाली, "आणि साधा पाय सांभाळता आला नाही तुम्हाला?"

"अगं, गाठ गेली ना."

"तू गप्प बस. तुला सगळ्यांचंच पटतं."

"वहिनी, चूक माझी आहे," ताई म्हणाल्या.

"मग मी काय करू तुमच्या चुकीचं? घरी नेऊ?"

ताई तिथेच उभ्या राहिल्या, कारण निघून जाणं आणखी वाईट दिसलं असतं.

पाऊल वर धरून ठेवणारी पट्टी घोट्यामागे लावून ड्रायव्हर दर मंगळवारी व्यायामाला येऊ लागला. पाय ओढला जाऊ नये म्हणून गुडघा उंच उचलायचा, जणू रोज पायऱ्याच चढतोय. ताई जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसत. तो डेपोतल्या गमती सांगायचा. बायको मात्र तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायची. चौथ्या महिन्यात अंगठा जरासा हलला. "हलला!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की शेजारच्या टेबलावरची म्हातारी दचकली.

थिएटरमध्ये आता टेबल तिरकं झालं, आणि रक्त आटोक्यात असलं, की सर्जन हात थांबवून म्हणत, "ताई, बघा." ताई बॅटरी घेऊन कापडाखाली वाकत. कधी सगळं जागेवर असायचं, कधी नसायचं.

नवव्या महिन्यात पाऊल बरंच उचलू लागलं, पण दिवस कलला की थकायचं आणि फरशीवर फट्कन आपटायचं. बस चालवायची परवानगी मिळाली नाही. डेपोने त्याला गाड्यांच्या वेळा लिहायला बसवलं.

"दुसऱ्यांच्या गाड्या सुटताना बघतो दिवसभर," शेवटच्या मंगळवारी तो म्हणाला. "लवकरच सवय होईल, असं सगळे म्हणतात."

"आणि तुम्ही काय म्हणता, दादा?"

"मी काय म्हणणार? अजून तरी झाली नाही."

बायको पिशवी घेऊन दाराशी थांबली होती. तिने ताईंकडे पाहिलं. रागाने नाही, पण मायेनेही नाही. "येते," म्हणाली. त्या पहिल्या दिवसानंतर नऊ महिन्यांत ती ताईंशी बोलली, ते एवढंच. मग नवऱ्याचा दंड धरून तिने त्याला दाराबाहेरच्या उतारावरून सावकाश खाली नेलं.