जोतीरामांचा हात आणि माझे सांधे

मित्रांनो, मी एक जुना, काळा मल्टीटूल आहे. पकड, चाकू, स्क्रूड्रायव्हर, कानस असा सारा संसार पोटात घडी घालून ठेवणारा. जुना खुशाल म्हणा, पण काळा म्हणताना जरा कौतुकाने म्हणा. माझा काळेपणा मळाचा नाही. कारखान्यात पोलादावर चढवलेला तो खास लेप आहे.

पिंकीने मला आणलं ते वडिलांसाठी, जोतीरामांसाठी. त्यांचं सोलापुरात, सात रस्ता चौकाजवळ, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं छोटं दुकान. "बाबा, ह्याला तारेच्या घासणीनं घासू नका, रंग जाईल," एवढं तिने बजावलं होतं. जोतीराम दुकान बंद करताना मला मऊ फडक्याने पुसत, सांध्यातली माती जुन्या टूथब्रशने काढत आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडत. काय दिवस होते ते! वैराग गावाकडच्या एखाद्या विहिरीवर बंद मोटार सुरू झाली, पाइपातून पाणी उसळलं, की शेताचा मालक जोतीरामांची पाठ थोपटायचा आणि जोतीराम माझी. कडांवरचा माझा रंग हळूहळू उडाला, पण कामाने उडालेल्या रंगाचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मग एकदा वैरागहून परतताना त्यांची मोटारसायकल घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर, दुकानाला कुलूप आणि मी रंभाबाईंच्या शिलाई मशीनच्या खणात! रंभाबाई म्हणजे जोतीरामांच्या पत्नी. त्या घरी टॉवेलच्या कडा शिवतात.

माझी आबाळ झाली म्हणावं, तर उलट लाडच लाड. रंभाबाई मला रोज पदराने पुसायच्या आणि डोक्याला लावायचं खोबरेल माझ्या सांध्यांत घालायच्या. "डोस्क्याला चालतंय, मग हत्याराला का न्हाय चालणार?" असं स्वतःशीच म्हणायच्या. बाहेरून मी नवरदेवासारखा चकचकीत, आत मात्र त्या तेलात टॉवेलची तुसं बसत गेली. थंडी पडली तसं खोबरेल थिजलं आणि माझे सांधे आखडले. बडा घर, पोकळ वासा, तशी माझी गत!

प्लास्टर निघालं. एका गार सकाळी जोतीरामांनी मला हातात घेऊन अंगठ्याने दाबलं. मी उघडलो नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. कपाळावर घाम आला, तेव्हा त्यांनी मला खाली ठेवलं.

"संपलं बग," ते म्हणाले. "ह्या हातात जीव न्हाय ऱ्हायला. दुकान देऊन टाकू कुणाला तरी."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो! त्यांच्या हाताची ताकद माझ्याइतकी कोणाला ठाऊक होती? त्या सकाळीही ती शिल्लक होती. आखडलो होतो मी, आणि हार मानत होते ते. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

रंभाबाईंनी डोळे पुसले आणि मला खणात ठेवायला उचललं. काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी स्वतःच मला उघडायला जोर लावला. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन.

"अवो, हे मलाबी उगडंना की! माजा हात कुटं मोडलाय?"

जोतीरामांनी मला त्यांच्या हातून घेतलं. मग त्यांनी मला नाकाशी नेलं. "खोबरेल घातलंस व्हय ह्यात?"

"लई दिस झालं घालतीया. तुमी हातात धरणार, मशीनच्या तेलाचा वास नको म्हनलं."

जोतीराम कितीतरी दिवसांनी हसले. कोमट पाणी आलं, थोडा साबण आला. रंभाबाईंनी मला धरलं आणि जोतीरामांनी त्याच उजव्या हाताने ब्रश फिरवला. मला कोरडं पुसून उन्हात ठेवलं, मग प्रत्येक सांध्यात मशीनच्या तेलाचा थेंब दिला आणि जास्तीचं तेल टिपून घेतलं. शेवटी त्यांनी अंगठा टेकवला. मी टक्कन उघडलो. जोतीराम माझ्याकडे नाही, आपल्या हाताकडे बघत होते.

मित्रांनो, तुमच्याकडे असं नवं काळं हत्यार आलं, तर त्याचा रंग जरूर जपा. पण त्याला अधूनमधून उघडा, आतून साफ करा. वरवर पुसलेलं हत्यार ऐन वेळी अडतं, आणि भला माणूस दोष देतो स्वतःच्या हाताला.