दोन शिड्यांमधली तार

मी एक जुना फील्ड टेलिफोन आहे. त्या सकाळी जिंकलेल्या खंदकात चाळीस माणसं, तीन मशीनगन आणि मी, एवढे होतो.

मित्रांनो, सैन्य म्हणजे उंच शिडी. सर्वांत वर संरक्षण मंत्रालय. लढायचं का आणि किती खर्चून, हे तिथे ठरतं. त्याखाली भूदल, नौदल, हवाई दल, प्रत्येकाचा प्रमुख वेगळा. भूदलातही पायदळाची शिडी निराळी, तोफखान्याची निराळी. त्या दोन्ही थेट वर, डिव्हिजनच्या मुख्यालयात भेटतात. माझी तार पायदळाची.

मला चालवणाऱ्या तारवाल्याला सगळे मामा म्हणत. तोफांनी कुठे मारा करायचा, कधी थांबायचं, हे वायरलेसवरून सांगणारा तोफखान्याचा एक निरीक्षक आमच्यासोबत असे. जेवताना मामा त्याची नक्कल करी: नाकातला आवाज, आणि प्रत्येक वाक्याआधी ‘तर असं बघा’. निरीक्षकही पोट धरून हसे.

खंदक ठरल्यापेक्षा लवकर हाती आला आणि तिथेच घात झाला. आपल्याच तोफांचा मारा ठरल्या वेळी त्याच खंदकावर सुरू झाला. निरीक्षक वायरलेस उघडत होता, तोच पहिला गोळा पडला. वायरलेसच्या ठिकऱ्या झाल्या, त्याची छाती फाटली. दुसऱ्या गोळ्याने दोन मशीनगन माणसांसकट उडाल्या. माझ्यावर ओली माती पडली. ती पाण्याने ओली नव्हती.

मामा माझा दांडा फिरवत राहिला. बटालियनने ब्रिगेडला जोडलं, ब्रिगेडने डिव्हिजनला, डिव्हिजनने तोफांना. प्रत्येकाने कोण, कुठून, कशासाठी विचारलं. प्रत्येक प्रश्नागणिक कोणीतरी किंचाळत होतं.

तोफांकडून उत्तर आलं, निरीक्षकाच्या आवाजाशिवाय मारा थांबत नाही. शत्रूने तार पकडली तर तोही ‘थांबा’ म्हणेल, म्हणून हा नियम. नियम वेडा नव्हता.

आमच्या कॅप्टनचा एक हात लोंबत होता. तो म्हणाला, “मामा, करा त्याची नक्कल.”

“साहेब, तो इथेच पडलाय.”

“म्हणूनच.”

मामाने रक्ताने निसरडा झालेला रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “तर असं बघा,” तो नाकातून म्हणाला, “मारा थांबवा. खाली आपलीच माणसं आहेत.”

“थांबवतो,” पलीकडचा म्हणाला. “आज आवाज बसलाय का हो तुमचा?”

आता मी काचेच्या कपाटात असतो. मला पुसून लख्ख ठेवतात. पण मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी त्या मंत्रालयात बसलं, तर दोन्ही शिड्यांच्या मध्ये, तळाशीही एक तार ओढा, आणि तुटली की लगेच जोडा.

मारा थांबल्यावर कॅप्टनने मोजलं. सोळा माणसं, एक मशीनगन आणि मी.