पाववाला काय म्हणाला

एकोणीसशे अडुसष्ट साली मुलींच्या शाळेतून पुस्तकांचं एक गाठोडं काकांच्या बाइंडिंगच्या दुकानात आलं, आणि त्यांना खळ लावायला पुतणीला बसवलं.

पुतणी सोळा वर्षांची. लहानपणी तोंडाचा पट्टा अखंड चालायचा म्हणून सगळे तिला ‘रेडिओ’ म्हणत. आईवडील गेल्यावर ती आणि थोरली बहीण काकांकडे आल्या. बहीण स्वतःच्या मर्जीनं लग्न करून निघून गेली आणि लगेच काकांनी रेडिओची शाळा बंद केली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. काका पाणीही फुंकायला लागले. दुकानामागची खोली तिला दिली. तिथंच काम, तिथंच झोप, आणि काका बाहेर निघाले किंवा दुकानात गिऱ्हाईक आलं की दाराला बाहेरून कडी.

“काळजी घे गं,” असं काका जाताना काकूला म्हणत. त्याचा अर्थ कडी लाव. काकू कडी सरकवायची आणि दाराआडून म्हणायची, “बॅटरी संपली का गं, रेडिओ? आवाज नाही आज!” आपलं कुणी आहे म्हणून तर आपल्याला कडी आहे, असंच रेडिओला वाटायचं.

गाठोड्यात एकाच कादंबरीच्या पुष्कळ प्रती होत्या. वयात येणाऱ्या मुलांसाठी लिहिलेली कादंबरी. पालकांच्या मंडळाला त्यातलं एक प्रकरण मुलींसाठी फार भेसूर वाटलं होतं. पानं फाडावीत, तर शिवलेल्या पुस्तकातलं एक पान फाडलं की त्याच्या जोडीचंही सुटतं, आणि सगळं पुस्तक खिळखिळं होतं. म्हणून निळ्या पेन्सिलीची खूण असलेली समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटवून टाकायची, असं ठरलं.

“वाचायचं नाही, नुसतं चिकटवायचं,” काका म्हणाले.

“न बघता चिकटवलं तर वाकडं होईल.”

“मग बघ. पण वाचू नको.”

म्हणजे जेवणाचा वास घे, पण भूक लागू देऊ नको!

रेडिओच्या वाट्याला प्रकरणाची पहिली दोन पानं आली. पुढची सगळी काकूनं दुकानात बसून आधीच चिकटवली होती. काकूला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे तिच्याबद्दल कुणाला धास्ती नव्हती. रेडिओ ब्रश फिरवता फिरवता चार ओळी वाचायची, की पान ओलं होऊन मिटायचं. पुढच्या चार ओळी पुढच्या प्रतीत. तिच्याच वयाची एक मुलगी होती. बाप तिला खोलीत ठेवायचा, चांगलं जेवायला द्यायचा, डोक्यावरून हात फिरवायचा. मुलगी आपलंच काही चुकलं असेल म्हणून झुरायची. गाठोडं संपत आलं तेव्हा कुठे रेडिओ पानाच्या तळाशी पोचली. तिथं ती मुलगी खिडकीतून पाववाल्याला हाक मारते आणि म्हणते, “मला कोंडलंय.”

रेडिओ उठली. तिनं दार ढकललं. दार हललं नाही. ते रोजच हलत नसे, पण तिनं आजवर ते कधी ढकलूनच पाहिलं नव्हतं.

पुस्तकं न्यायला शाळेच्या मुख्याध्यापिका बाई स्वतः आल्या. काकांनी कडी काढून रेडिओला गठ्ठा घेऊन बाहेर बोलावलं.

“पक्कं चिकटलंय ना?” बाईंनी विचारलं.

“खळीत मोरचूद घातलाय, बाई. वाळवीसुद्धा तोंड लावणार नाही,” काका म्हणाले.

“मंडळाला काळजी वाळवीची नाही, मुलींची आहे,” बाई कोरडेपणानं म्हणाल्या.

“बाई, पाववाला काय म्हणाला?” रेडिओनं विचारलं.

काकांचा चेहरा उतरला. “म्हणजे वाचलंस तू!”

“तुला कशाला हवंय ते?” बाई म्हणाल्या.

आता बोलली नाही, तर गठ्ठा जाईल आणि कडी परत लागेल, एवढंच रेडिओला कळत होतं.

“मलाही कोंडलंय.”

काका हसले. “बघितलंत ना, बाई? म्हणूनच तर चिकटवायची असली पुस्तकं! अहो, आम्ही काळजी घेतो हिची.”

बाईंनी काकूकडे पाहिलं. काकू खळीचे हात पुसत होती, ती पुसता पुसता थांबली. “कडी मीच लावते, बाई,” ती म्हणाली. “सांगतात हे, पण हात माझा असतो.”

मग बाईंनी एक प्रत उचलली आणि खाली ठेवली. “हे काम मला पसंत नाही. ओल्या फडक्यानं सगळी पानं सोडवायची. शाळेत बसून, आणि हिनंच. उद्यापासून पाठवा.”

“पण मंडळ?”

“मंडळाला मी पानांचं सांगेन. मुलगी आली नाही, तर कडीचंही सांगेन.”

काका अब्रूला फार जपत. रेडिओ दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.

पानं सुटली, हिरवट डाग पडलेली. पाववाला काहीच बोलला नव्हता. पाव देऊन निघून गेला होता. मग त्या मुलीनं दूधवाल्याला सांगितलं, मग पोस्टमनला. रेडिओ तिथं एकटीच मोठ्यानं हसली, आणि मग किती तरी वेळ रडली.

बाईंना त्या वर्षअखेरीस नोकरी सोडावी लागली; दुसऱ्या गावी त्यांनी शिकवण्या केल्या आणि तिथंच त्या वारल्या. मंडळानं ती पानं दुसऱ्या बाइंडरकडून पुन्हा चिकटवून घेतली, या वेळी सरसानं. काका रेडिओशी शेवटपर्यंत बोलले नाहीत; आपण बरोबरच होतो, असं ते मरेपर्यंत म्हणत. थोरल्या बहिणीचा संसार ओढगस्तीचा, पण सुखाचा झाला. रेडिओ शाळा पुरी करून नर्स झाली. बंद दारापुढे मात्र ती अजूनही घटकाभर उभी राहते, कुणी तरी उघडेल म्हणून.

काकू शेवटची वर्षं तिच्याकडेच होती. एकदा दुपारी भाजी निवडताना तिनं विचारलं, “त्या गोष्टीतल्या पोरीला आई नव्हती का गं? ती काय करत होती?”

रेडिओनं आठवून पाहिलं. “तिच्याबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं.”

“लिहायला हवं होतं,” काकू म्हणाली.