शिलाईच्या दुकानातले झुंबर

मित्रांनो, मी एक जुने काचेचे झुंबर आहे. झुंबर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर मोठा दिवाणखाना, मऊ गालिचा आणि हळू आवाजात बोलणारी माणसे येत असतील. ते चित्र आधी पुसून टाका. मी एका शिलाईच्या दुकानात राहतो. माझ्याखाली मशिनी खडखडत असतात, जमिनीवर चिंध्या लोळत असतात आणि 'बाही घट्ट झाली', 'गळा मोठा झाला' ही भांडणे मी रोज ऐकतो. ही जागा मला शोभत नाही असे कुणी म्हणाले की मला राग येतो. का, ते सांगतो.

माझा जन्म दूरदेशी, एका काचेच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, भट्टीभोवती बांधलेली एक लांबट खोलीच ती. कारागीर लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेई, नळीतून फुंकर मारी आणि काच मऊ असतानाच चिमट्याने ओढून तिला वळण देई. माझी प्रत्येक फांदी अशीच झाली. एकीसारखी दुसरी नाही. मग त्याने फांद्यांवर लोलक लटकवले आणि मला खिडकीशी टांगले. प्रवासी येत, माना वर करत, 'वा' म्हणत आणि काचेचा एखादा छोटा हत्ती विकत घेऊन निघून जात. कौतुकाचा मला अगदी वीट आला होता.

एके दिवशी एक कुटुंब आले. पुढे दादा, त्याच्या मागे वहिनी, आणि सगळ्यांत शेवटी जुळ्या भाचरांचे स्वेटर व पाण्याच्या बाटल्या सांभाळत आलेली त्यांची आत्या. दादाने बहिणीला फिरायला आणले होते म्हणे. खरे तर जुळ्यांना बघायला कुणीतरी हवे होते.

आत्या माझ्याखाली येऊन थांबली. तिने 'वा' म्हटले नाही. फांदी मधल्या दांड्याला कुठे आणि कशी जोडली आहे, ते ती निरखून पाहत राहिली. ती कपडे शिवायची, त्यामुळे तिची नजर आधी जोडावर जाई. कारागिराने हसून खूण केली, तेव्हा तिने एका बोटाने मला स्पर्श केला.

"मला हे घ्यायचंय," ती म्हणाली.

दादा हसला. "अगं, लावणार कुठे?"

"माझ्या दुकानात."

"चिंध्यांच्या ढिगावर झुंबर? लोक वेड्यात काढतील तुला."

"काढू देत. आजवर शहाण्यात तरी कुठे धरलंय?"

वहिनी समजुतीच्या सुरात म्हणाली, "वन्सं, त्यापेक्षा एखादा छानसा कोट घ्या की. अंगात तरी घालता येईल."

"कोट मला शिवता येतो, वहिनी. हे नाही येत."

तिने स्वतःच्या कमाईतून मला विकत घेतले. कारागिराने माझे भाग सुटे करून कागदात गुंडाळले. पण दादाने आपल्या बॅगांमध्ये मला जागा द्यायला साफ नकार दिला. आत्याने मग स्वतःची बॅग रिकामी केली, माझ्या भागांभोवती आपले कपडे कोंबले आणि जे उरले ते एकावर एक अंगावर चढवले. विमानात ती घामाघूम झाली होती. तरी तिचा चेहरा असा, जणू सगळे विमान तिच्याच मालकीचे.

प्रवासात माझे दोन लोलक फुटले. दादा म्हणाला, "सांगत होतो."  आत्याने एका जुन्या कोटाची दोन काचेची बटणे काढली आणि बारीक तारेने त्या जागी बांधली. आजही ती तिथेच आहेत. त्यांची मला लाज वाटत नाही.

समोरचा दुकानदार सुरुवातीला तिला 'झुंबरवाली' म्हणून चिडवायचा. पुढे तोच लोकांना पत्ता सांगू लागला, "त्या झुंबरवालीच्या समोर." माझ्या उजेडात काळ्या कापडावर काळी टीप घालता येई. मापाला आलेल्या बायका आरशासमोर उभ्या राहत. त्यात दवाखान्यातली परिचारिका असे, भाजीवाली असे, जिने झाडणारी असे. नवा कपडा अंगावर चढला की त्या पाठ ताठ करत, वळून वळून स्वतःकडे बघत. तेव्हा मी जीव तोडून लखलखायचो.

मग आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. सुई ओवता येईना. दुकानाला कुलूप लागले. माझ्यावर धूळ बसली, कोळ्यांनी माझ्या फांद्या वाटून घेतल्या.

एका दुपारी कुलूप उघडले. दादा वायरमनला घेऊन आला होता. त्याने नवे घर बांधले होते आणि त्याला मी हवा होतो. वायरमन शिडीवर चढला. तेवढ्यात जुळ्यांपैकी मुलीचा हात धरून आत्या दारात आली. भाची आता मोठी झाली होती; बाप काय करतो आहे ते तिनेच आत्याला जाऊन सांगितले होते.

"दादा, शिडीवर कोण आहे?"

"वायरमन. झुंबर माझ्याकडे नेतोय. इथं धूळच खातंय ना? आणि तुला आता धड दिसतही नाही."

"माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय. मी मेलेली नाही."

"अगं, पण तिथं चार माणसं बघतील त्याच्याकडे."

"इथं येतात त्या बायका माणसं नाहीत का?"

 वायरमन अवघडून म्हणाला, "तुमचं ठरेपर्यंत मी खाली उतरू का? हात भरून आलेत."

"उतर," आत्या म्हणाली. "पण काढलेला स्क्रू आधी लाव."

वायरमनने दादाकडे पाहिले, मग आत्याकडे, आणि स्क्रू पुन्हा पिळला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडून सांगितले असते, की मी जाणार नाही. गरज पडली नाही. भाची म्हणाली, "बाबा, घरी चला," आणि दादा निघून गेला.

ऑपरेशन झाल्यावर आत्याने दुकान उघडले, दिवा लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "शी, काय ही अवस्था." मग ती आणि भाची दिवसभर बसल्या. एकेक लोलक कोमट साबणाच्या पाण्यात बुडवला, मऊ फडक्याने पुसला, पुन्हा जागेवर टांगला. दादाने नव्या घरात दुसरे झुंबर लावले. माझ्यापेक्षा मोठे आहे, असे ऐकतो. सुखाने राहो बिचारे.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे; विनंती म्हणा, नाहीतर हट्ट. सुंदर वस्तू चांगल्या दिवसाची वाट पाहत कपाटात कोंडू नका. ती अमक्याच घरात शोभते, असेही म्हणू नका. तिला वापरा, पुसा, मोडली तर असेल त्या वस्तूने जोडा. आणि कधी आमच्या दुकानावरून जात असाल, तर आत या, मान वर करा. कशाला आलात असे कुणी विचारले, तर सांगा, बघायला आलो. तेवढे कारण पुरे आहे.