कबरींच्या वळणावरचा रणगाडा

या मित्रांनो, असे जवळ सरका. चित्त जरा एका जागी ठेवा. माझ्याच अंगावर गुदरलेली गोष्ट सांगतो.

मी एक जुना रणगाडा आहे. नारीनकडच्या डोंगरात, एका घळीत उलटा पडलो आहे. कधीकाळी माझे फार कौतुक झाले. संचलनाच्या दिवशी बायका माझ्या तोफेला फुले बांधत. पण माझ्या पोटात बसणाऱ्यांना विचारा! झाकण बोटांवर आपटे, दगडांवर झटकन वळवले की साखळी चाकांवरून उतरे. मला वळवायला दोन हातांत दोन दांडे. उजवा ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. दोन्ही सोडले, की मी नाकासमोर चालू लागतो. पुढे रस्ता आहे की दरी, मला कळत नाही.

जेनाली माझा चालक. माझ्या तोफेच्या बुरुजातून अर्धा बाहेर उभा असे तो आमचा नायक, ओरोझाली. छावणीच्या वाटेवर उतारात एक वळण होते आणि वळणावर कबरी. तिथून जाताना आमच्याकडे जो तो दोन्ही तळवे उचलतो, मृतांसाठी ‘ओमीन’ म्हणतो आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवतो. जेनालीची मात्र पंचाईत.

“दादा, मेलेली माणसं मला उर्मट म्हणत असतील.”

“तुझ्या वाटचं मी म्हणतो रे! तू दांडे धर. सोडलेस तर त्यांच्याच शेजारी जाऊन पडू, मग माग निवांत माफी.”

आणि ओरोझाली खरोखरच दोनदा तळवे फिरवी.

एकदा सराव चालू असताना जेनालीची आई गेली. निरोप आला तोवर तिला मातीही देऊन झाली होती, त्याच वळणावर.

सरावाहून छावणीकडे परतताना ओरोझाली म्हणाला, “जेना, तू वर ये. मी चालवतो.”

“नको दादा. आईसमोरून मीच नेतो.”

“मग तिथं थांबवू. बस तिच्यापाशी घटकाभर.”

“उतारावर? मागची अख्खी रांग अंगावर येईल.”

“बरं बाबा. पण ओमीन मी म्हणणार, कळलं?”

“हो.”

वळण आले. ओली माती दिसली. जेनाली “आई” म्हणाला आणि त्याचे दोन्ही हात आपोआप वर गेले. ओरोझालीने पाहिले नाही. त्याचे तळवे त्याच्याच डोळ्यांवर होते. तो जेनालीच्या वाटचे म्हणत होता.

मी नाकासमोर निघालो.

“दांडे! जेना, दांडे!”

जेनालीने उजवा दांडा पोटापर्यंत ओढला. डावी साखळी उतरली, कड ढासळली, मी उलटलो. जेनाली आत फेकला गेला, वाचला. ओरोझाली माझ्याखाली आला.

माझे इंजिन काढून नेले. सांगाडा कोणाला नको होता. जेनाली अजून येतो. वाकून, सरपटत आत शिरतो आणि दांडे घट्ट धरतो. ते आता कशालाच जोडलेले नाहीत.

“धरलेत, दादा,” तो म्हणतो. “धरलेत मी.”

आईच्या कबरीवरून जातानाही त्याचे हात आता वर होत नाहीत. मी लोखंड, त्याला काय सांगू?

मित्रांनो, यंत्र जपा म्हणतात, जरूर जपा. पण ते हाकणाऱ्याच्या मनावर काय कोसळले आहे, तेही पाहत जा. आणि एक मागणे आहे. ओरोझालीची आठवण ठेवा. जेनालीला ती झेपत नाही. त्याच्या वाटची तुम्ही ठेवा.