तडेवाले महाराज आणि चार पट्ट्या

सकाळी नऊला अर्धी गल्ली त्या जुन्या घराच्या बाहेरच्या भिंतीसमोर माना वर करून उभी होती. भिंतीत बघण्यासारखा एक तडा होता. खालच्या कोपऱ्यातून निघून तिरपा खिडकीपर्यंत चढलेला, दोन महिन्यांत बोट जाईल इतका रुंद झालेला. पण आज त्याच्यासमोर खुद्द तडेवाले महाराज उभे होते, त्यामुळे तड्याचाही भाव वधारला होता.

"भिंत बोलते," महाराज म्हणाले. "ऐकणारा कान लागतो."

दोघातिघांनी आपापले कान उगाच चाचपून पाहिले.

महाराजांनी तड्यावर पातळ कागदाच्या चार पट्ट्या खळ लावून आडव्या चिकटवल्या. सासरे, सासू, मुलगा, सून, अशी एकेकाच्या नावाची एकेक. मंत्र पुटपुटत त्यांनी प्रत्येक पट्टी बोटातल्या जाड अंगठीनं दाबली. "ज्याच्या पायगुणानं घर दुभंगतंय, त्याची पट्टी आपोआप फाटेल. कुणी हात लावायचा नाही."

दहाला भिंतीवर ऊन आलं. साडेदहाला सुनेची पट्टी टर्रकन फाटली.

"मी म्हटलंच होतं," शेजारच्या काकू म्हणाल्या. काकूंना सगळं आधीच ठाऊक असे, फक्त घडून गेल्यावर आठवत असे.

"हिला आजच माहेरी पाठवा," महाराजांनी फर्मान काढलं. "तडा मिटला की आणा."

"आणि नाही मिटला तर?" सुनेनं विचारलं.

"मग माहेर काय वाईट आहे, पोरी?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याला गल्लीत होयबा म्हणत, आणि तो त्यालाही हो म्हणे. "महाराज म्हणतायत तर चार दिवस जाऊन ये," तो म्हणाला. सासूबाई तर तिची बॅग भरायला आत गेल्यासुद्धा.

सून पुस्तकबांधणी करणाऱ्याची मुलगी. अक्षरं गिरवायच्या आधी ती खळ कालवायला शिकली होती. ओला चिकटवलेला कागद वाळताना ताणला जातो, हे तिला माहीत होतं. पण चारही पट्ट्यांवर ऊन एकच, खळ एकच, मग फाटली ती एकच कशी? ती सरळ भिंतीपाशी गेली आणि फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"हात लावू नकोस, भस्म होशील," महाराज ओरडले.

"होईन तेव्हा होईन. मामंजी, जरा चष्मा लावून बघा. कागद फाटला की कडेला केसासारखे बारीक धागे सुटतात. खालच्या अर्ध्या कडेला सुटलेत. वरची अर्धी कड मात्र अगदी गुळगुळीत आहे. हा कागद आधी अर्धा कापला होता."

सासऱ्यांनी चष्मा लावला. मग चष्मा पुसून परत लावला.

तिनं महाराजांच्याच कागदाची नवी पट्टी घेतली, त्यांच्याच खळीनं तड्यावर चिकटवली आणि सगळ्यांसमोर ब्लेडनं मधे अर्ध्यापर्यंत बारीक चीर दिली. "ही महाराजांच्या नावाची."

"हा अपमान आहे," महाराज म्हणाले. पण फुकटचा खेळ सोडून गर्दी हलेना, आणि वाट द्यायला कुणी तयार होईना. वीस मिनिटांनी पट्टी टर्रकन फाटली.

"अरे बापरे," चहावाला म्हणाला, "म्हणजे घर यांच्या पायगुणानं पडतंय."

"महाराज, अंगठी उलटी करून दाखवा," सून म्हणाली.

महाराजांनी मूठ गच्च आवळली, आणि लगेच "आई गं" म्हणून उघडली. तळहातातून रक्त येत होतं. अंगठीच्या खालच्या अंगाला ब्लेडचा तुकडा बसवलेला होता. भूतभविष्य जाणणाऱ्या त्या महापुरुषाला आपल्याच मुठीत काय आहे ते मात्र आठवलं नव्हतं. काकूंनीच त्यांना चिंधी दिली. "मी म्हटलंच होतं," त्या म्हणाल्या.

"पण तडा लग्नानंतरच पडला, हे तर खरं ना?" होयबानं विचारलं. एवढा लांब प्रश्न त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच विचारला असावा.

"खरं आहे. लग्नानंतर घरात अजून काय आलं?"

"कपडे धुवायचं मशीन."

"त्याचं पाणी कुठं जातं?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. प्लंबरला कशाला बोलवायचं म्हणून सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं मशीनची नळी खिडकीतून बाहेर काढून भिंतीच्या बुडाशी सोडली होती. तिनं तिथं काठी खुपसली. काठी घराच्या पायाखाली हातभर आत गेली. माती धुऊन गेली होती, कोपरा खचत होता आणि त्याबरोबर भिंत फाटत होती.

"म्हणजे पायगुण माझा," सासरे पुटपुटले.

"पायगुण नाही मामंजी, पाइप. आधी तो गटारात सोडा, मग गवंड्याला बोलवा."

सासूबाई भरलेली बॅग घेऊन बाहेर आल्या होत्या. सगळं ऐकून त्या तशाच आत वळल्या.

"आई, राहू द्या," सून म्हणाली. "तुम्ही भरलीत, आता हे रिकामी करतील."

"हो," होयबा म्हणाला.

तुमच्याही भिंतीला तडा गेला तर तिच्या पायाशी वाका आणि पाणी कुठं मुरतंय ते बघा. आणि कुणी घरातल्या माणसाकडे बोट दाखवलं, तर त्या बोटातली अंगठी आधी उलटी करायला सांगा.